पहिला हात केवळाबाईचा

लांडगा चालताना मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशात टाकतो. धुळीत बघितलं तर चार पायांचं जनावर दोन पायांवर गेल्यासारखं वाटतं. विरूपाक्षला हे कुणी शिकवलं नव्हतं. एका हिवाळ्यात माळवाडीच्या माळावर, तरवडाच्या झुडपाआड पालथं पडून त्यानं ते बघून घेतलं, आणि घरी येऊन ओसरीत हात टेकून चालायला लागला.

बसम्मा चुलीपुढून वळली. "अवो, हे काय करूलालाव?"

"लांडगा."

"माणसाच्या घरात?"

"घरात जमला तर स्टेजवर जमंल."

"स्टेजवरचं मला मालूम न्हाई. शेण काढायचं राहिलंय, ते आधी जमवा."

उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती. नवा जिल्हा, नवी ऑफिसं, पाट्यांचा रंगसुद्धा अजून ओला वाटायचा. त्यातच एक कलापथक निघालं होतं. जीपमध्ये पेटी, हलगी आणि सहा माणसं कोंबायची, गावात जाऊन गॅसबत्ती पेटवायची आणि लोकांना हसवत सांगायचं, की बांध घाला, उतारावरची माती अडवा, झाडाला हात लावू नका आणि रानातलं जनावर दिसलं रे दिसलं की दगड उचलू नका. पथकाचा प्रमुख नरसिंग हलगीवाला. त्यानं उदगीरच्या एका भजनात विरूपाक्षचा आवाज ऐकला आणि तिथंच विचारलं, "आप्पा, लांडगा व्हशील का?"

विरूपाक्ष झाला. गोणपाटाचं अंग, कागदाच्या लगद्याचा मुखवटा, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला नीट ऐकू जाईल असा आवाज. चार पायांवर स्टेजभर फिरून तो मधोमध बसायचा आणि शेतकरी झालेल्या नरसिंगला विचारायचा, "मालक, तुमच्या हरभऱ्यात पडणारे ससे कोण खातं? उंदीर कोण खातं? मी. पगार मागितला का कधी?" मग लोकांकडे वळून म्हणायचा, "आमची घरवाली लई हुशार. माणसाचा वास आला, नुसता दगड गडगडला, तरी एका रातीत पिलं तोंडात धरून दुसऱ्या घरात. बदलीवाल्या साहेबागत." ह्या वाक्याला पुढच्या खुर्चीवरचे साहेबही हसत.

अहमदपूर झालं, उदगीर झालं, जिल्ह्याची हद्द ओलांडून नायगाव आणि पार हदगावपर्यंत पथक गेलं. हदगावच्या बाजारात एका बाईनं त्याला ओळखलं आणि लेकराला म्हणाली, "बघ, लांडगा वांगी घेऊलालाय." ही गोष्ट त्यानं बसम्माला इतक्यांदा सांगितली, की शेवटी वांगं चिरताना तीच म्हणायची, "हां, हदगाव." पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला नांदेडला मराठवाड्यातली सगळी कलापथकं जमणार होती. मोठं मैदान, माईक, विजेचे दिवे. विरूपाक्ष ज्वारी खुरपताना, बैल सोडताना, जेवताना तोंडातल्या तोंडात संवाद म्हणत असायचा. एवढ्या एका दिवसासाठी तो जगत होता म्हटलं तरी चालेल.

आणि त्याआधीच्या पावसाळ्यात पाऊसच आला नाही. मृगात नाही, हस्तात नाही. ज्वारी वीतभर वाढून उभ्या उभ्या वाळली. हरणं, ससे कुठं गेले कुणास ठाऊक. गावाच्या वर, दगडाच्या खाणीवर दुष्काळी काम निघालं, आणि दुपारी सुरुंग उडाले की घराघरातली भांडी थरथरायची.

मग केवळाबाईची शेळी गेली.

केवळाबाई म्हणजे विरूपाक्षच्या भिंतीपलीकडची म्हातारी. तिला मूल नव्हतं, नवरा गेलेला. चार शेळ्या हेच घर. विरूपाक्षची आई बाळंतपणात गेली तेव्हा केवळाबाईनंच त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. आता तिच्यानं माळ चढवत नव्हता, म्हणून ती सकाळी शेळ्या नुसत्या सोडून द्यायची आणि संध्याकाळी त्या आपसूक परतायच्या. एका संध्याकाळी तीनच परतल्या. आठवड्यानं दोन. दिवाळीनंतर एक.

पारावर गाव जमलं. शेषेरावनं बोलायला सुरुवात केली. त्याची मेंढरं होती, बैलगाडी होती, आणि गावात कुणाचंही काही हरवलं तरी ते शोधायला पुढं व्हायची हौस होती.

"इरूपाप्पा," तो म्हणाला, "तुझा लांडगा लई माजलाय."

"माझा कामून?"

"मंग कुणाचा? तूच सांगत फिरतूस, मारू नका, मारू नका. आमी ऐकलं. आता केवळाबाईला सांग की, पगार मागितला न्हाई त्यानं म्हणून."

लोक हसले. विरूपाक्षही कसंनुसं हसला.

"तू त्याची चाल शिकलास," शेषेराव पुढं म्हणाला. "चाल बघितलीस म्हंजी बीळ बघितलंस. आता पिलांचे दिवस. बीळ दाखव. धूर करू, पिलं काढू, मिटलं. नर-मादी मंग राहत न्हाईत इथं."

"मला न्हाई मालूम."

"आप्पा, स्टेजवर तुला खोटं बोलता येतं. पारावर येत न्हाई."

हे खरं होतं. बीळ त्याला माहीत होतं. खाणीच्या वरच्या अंगाला, सीताफळीच्या जाळीत, खडकाखाली. दसऱ्याच्या सुमारास मादीला तिथं माती उकरताना त्यानं स्वतः बघितलं होतं.

शेषेरावनं सगळ्यांदेखत ठरवून टाकलं. "रिवाज मालूम हाय ना माळवाडीचा? ज्याचं जनावर गेलं, त्याचा पहिला हात. केवळाबाई पहिली काठी घालंल, मंग बाकीचे. तोवर कुणी हात उचलायचा न्हाई. तिचा हक्क हाय."

केवळाबाई पाराच्या कडेला बसली होती.  ती विरूपाक्षकडे बघत राहिली, आणि त्यानं मान फिरवली.

दुसऱ्या दिवसापासून दोन माणसं त्याच्या मागं लागली. कुणी तसं बोललं नाही. पण तो टँकरच्या रांगेत गेला की ते रांगेत, शेतात गेला की ते बांधावर. पहाटे तांब्या घेऊन निघाला तरी थोड्या अंतरावर दोघं निघालेले, आणि त्यांच्या हातात तांब्यासुद्धा नाही.

"अरे, निदान पाणी तरी आणत जा," तो म्हणाला.

"आमचं झालंय आप्पा. तुमचं चालू द्या."

मग तो मुद्दाम खाणीच्या उलट्या दिशेनं चालायचा. आधी उलट्या दिशेनं, मग उलट्या दिशेलाच जातो असं कळू नये म्हणून कधी सरळ, मग अर्ध्यातूनच परत. चालण्याचा अर्थ लोक लावतात म्हटल्यावर त्याला चालणंच नको झालं. तो ओसरीत बसून राहू लागला. ओसरीत बसला तर शेषेराव समोर येऊन बसायचा, पान लावायचा, आणि सुरुंगाचा आवाज झाला की सहज म्हणायचा, "आज लई वर लावला वाटतं."  सीताफळीच्या जाळीपर्यंत काम पोचलं का, मादी तिथंच आहे का, हे बघायला जाणं म्हणजे बोट धरून गावाला नेणं.

"सांगून टाका की," बसम्मा म्हणाली. "केवळामायचं तोंड बघवत न्हाई."

"सांगतो. मंग नांदेडला जाऊन त्याच तोंडानं म्हणू, मारू नका?"

"मंग नका सांगू."

"मंग तिची चौथी शेळी जाईल."

बसम्मानं भाकरी तव्यावर टाकली. "अवो, तुमी मला विचारूलालाव का नुसतं ऐकवूलालाव?"

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, जवळ आली. आमच्याकडे येळवशीला गावात कुणी राहत नाही. घरांना कड्या लागतात आणि सगळं गाव आपापल्या शेतात. कडब्याची कोपी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड, त्यांची पूजा, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. पीक असो नसो. आणि दिवस मावळायच्या आत कडब्याची पेंढी पेटवून शेताला फेरी घालायची. ती फेरी चुकली तर येळवस झाली असं कुणी धरत नाही.

शेषेराव म्हणाला, "येळवशीलाच जाऊ. माणसं सगळी रानात, कडबा हाताशी. इरूपाप्पा, दाखवतूस का आमीच समदा माळ पेटवू?"

समदा माळ. वाळलेलं गवत, वाऱ्याचे दिवस. विरूपाक्षनं रात्रभर नाही, अर्धा दिवस विचार केला आणि पारावर जाऊन सांगितलं, "दाखवतो."

त्यानं ठरवलं ते असं. घोडनाल्याच्या काठाला साळिंदराचं एक जुनं बीळ होतं. खाणीपासून लांब, गावाच्या दुसऱ्या अंगाला. गेली कैक वर्षं रिकामं. तिथं न्यायचं, धूर करू द्यायचा, काही निघालं नाही की कपाळाला हात लावायचा. "गेली वाटतं जागा बदलून." तोवर नांदेडचा खेळ होईल. पुढचं पुढं.

येळवशीला दुपारी जेवणं झाल्यावर शेषेरावनं केवळाबाईला गाडीत बसवली. तिच्या हातात बाभळीची काठी दिली. विरूपाक्ष पुढं, मागं गाडी, गाडीमागं वीस-पंचवीस माणसं काठ्या आणि कडबा घेऊन. महिनाभरात पहिल्यांदाच त्याला पाय मोकळे वाटत होते. चालता चालता तो नकळत तोंडानं हलगीचा ताल धरत होता.

गाडीतून केवळाबाई त्याच्या पाठीकडे बघत होती.

बिळाच्या तोंडाशी कडबा लावला. वर दोन मुठी मिरच्या. धूर आत गेला. माणसं खोकत मागं सरकली. विरूपाक्ष कपाळाला हात लावायच्या तयारीत उभा राहिला.

आतून शिंकल्यासारखा आवाज आला.

मग एक पिल्लू बाहेर आलं. मांजराच्या पिलापेक्षा जरा मोठं, काळपट, तोंड जमिनीला घासत. मागून दुसरं. तिसरं अर्ध्यावर येऊन आडवं पडलं आणि श्वास घेऊ लागलं.

"शाब्बास रे वाघा," शेषेरावनं विरूपाक्षच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्यावर खामखा शक घेतला."

दोन वर्षं मुखवट्याआड वावरलेल्या त्या माणसाजवळ तेव्हा तोंडावर चढवायला काही नव्हतं. खाणीवर सुरुंग, म्हणून मादीनं पिलं इथं आणून ठेवली होती. दगड गडगडला तरी दुसऱ्या घरात. हदगावच्या लोकांना ते त्यानं ओरडून सांगितलं होतं.

"हां, केवळाबाई," शेषेराव म्हणाला. "चला. तुमचा हात."

केवळाबाई गाडीतून उतरली. काठी टेकत आली. पिलांकडे बघितलं, विरूपाक्षच्या तोंडाकडे बघितलं, आणि बिळाच्या तोंडाशी असलेल्या दगडावर बसली.

"मारते. दम तर घेऊ दे."

सगळे थांबले. धूर कमी झाला. पिलं एकमेकांना चिकटली.

"केवळाबाई, धूर विझूलालाय."

"विझू दे. ती काय पळून चाललीत? धड डोळे तरी उघडलेत का."

"मंग मारा की."

"तुझं मेंढरू गेलंय का शेषेराव?"

"न्हाई, पण—"

"मंग हात माझा. पारावर तूच सांगितलंस." तिनं काठी मांडीवर आडवी ठेवली. "मला भूक लागली. येळवशीच्या दिवशी उपाशीपोटी जीव घ्यायला लावताव व्हय? इरूप्या, तुझी कोपी जवळ हाय. भज्जी आण. आंबील बी."

"गाडीत बसायच्या आधी तर जेवलात," मागून कुणीतरी म्हणालं.

"दात न्हाईत मला. माझं जेवण दोनदा होतं."

विरूपाक्ष गेला, टोपली आणि आंबिलीचं मडकं घेऊन आला. केवळाबाई सावकाश जेवायला लागली. एकेक दाणा चावत. माणसं आधी उभी होती, मग उकिडवी बसली, मग मांडी घातली. कुणी बिडी पेटवली. एक जण काठी उशाला घेऊन झोपला. शेषेराव सूर्याकडे आणि केवळाबाईच्या ताटाकडे आळीपाळीनं बघत होता.

विरूपाक्ष तिच्या वाटीत आंबील ओतायला वाकला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "खरी जागा कुठं व्हती?"

"म्हंजी?"

"येडी समजू नगंस. येताना गाणं म्हणत व्हतास. पिलं मारायला निघालेला तू गाणं म्हणशील व्हय?"

त्यानं मडकं खाली ठेवलं. "खाणीच्या वर. सीताफळीत."

"तिथं सुरुंग लावूलालेत की दिवाळीपास्नं."

"जाऊन बघायचं कसं? दोन माणसं मागं."

तिनं एक उंडा कुस्करला. "माझी एकच राहिली. गाभण हाय."

"मालूम हाय."

"एकटी सोडते म्हणून गेल्या तिघी. ती कोण राखणार?"

"मी राखतो केवळामाय."

"कवापास्नं?"

"नांदेडचा खेळ झाला की लगेच—"

"उद्यापास्नं." तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "सकाळी सोडायची, सांजच्याला दारात बांधायची. नांदेड न्हाई, नायगाव न्हाई, जीप न्हाई. तिला जी करडं व्हतील ती बी तूच राखायची. म्या हाय तोवर."

"लांडगा कोण करंल मंग? माझ्याबिगर खेळच उभा राहत न्हाई."

"ते मला काय मालूम. हे तिघं हितं हायत, ती काठी हितं हाय. तू बोल. माझी आंबील संपत आली."

त्याला वाटलं, ती हसेल. लहानपणी दूध देण्याआधी अशीच काहीतरी कबुली घ्यायची आणि मग हसायची. ती हसली नाही. पलीकडे शेषेराव उठून धोतर झटकत होता. एक पिल्लू दुसऱ्याच्या पाठीवर मान टाकून झोपी गेलं होतं.

"राखतो," विरूपाक्ष म्हणाला. "उद्यापास्नं."

"वाढ अजून वाटीभर."

दिवस कलला. दूर एका शेतात पहिली पेंढी पेटली, मग दुसरी. माणसं चुळबुळायला लागली. प्रत्येकाचं शेत फेरीवाचून राहिलं होतं.

"केवळाबाई, आता तरी," शेषेराव म्हणाला.

"हात भरलाय माझा, खरकटा. आणि अंधारात काठी चुकली तर पहिला हात वाया. उद्या उजाडता मारते. आत घाला त्यांना, दगड लावा."

 शेषेरावच्या शेतातूनही बायको हाका मारत होती. "इरूपाप्पा, दगड लाव. घट्ट लाव," तो म्हणाला आणि केवळाबाईसाठी गाडी ठेवून निघाला.

विरूपाक्षनं पिलं एकेक करून आत सरकवली. दगड रचले. मोठे खाली, लहान वर, आणि मधे एवढी फट, की आतला वास बाहेर यावा. लांडगी कुठला दगड ओढेल हे त्याला माहीत होतं. तोच त्यानं सैल ठेवला. मग त्यानं केवळाबाईला गाडीत चढवलं.

"रातीतून नेते म्हणतूस ना नाटकात?" तिनं विचारलं.

"नेते."

"न्हाई नेलं तर म्या उद्या काठी घालीन. सांगून ठेवते."

सकाळी दगड विस्कटलेले होते आणि बीळ रिकामं. शेषेरावनं काठीनं एक दगड उलटा केला. "तू नाटकात म्हणतूस तसंच झालं की रे," तो म्हणाला. त्यात शंका होती की कौतुक, ते विरूपाक्षला कळलं नाही. उत्तर द्यायला वेळही नव्हता. शेळी तोवर माळाला लागली होती.

पुढच्या पंधरवड्यात जीप आली. खालून नरसिंगनं हॉर्न वाजवला, मग हलगी वाजवली, आणि शेवटी धापा टाकत माळ चढून वर आला.

"कपडे कुठं हायत तुझे? नांदेडला निघायचंय."

"निरोप दिला व्हता की."

"मला वाटलं, मस्करी. शेळीसाठी कुणी नांदेड सोडतं व्हय?" तो दगडावर बसला. "दुसऱ्याला उभं केलंय. चालतो कुत्र्यागत. कालच्या तालमीत शेपटीवर पाय पडून आडवा झाला."

"मागचा पाय पुढच्याच्या ठशात टाकायला सांग."

"सांगितलं. तवाच पडला." नरसिंगनं त्याच्याकडे निरखून बघितलं. "एका दिवसाचं काम हाय आप्पा. म्हातारीला मी बोलतो. कुठं हाय ती?"

विरूपाक्षनं हनुवटीनं खाली दाखवलं. गावाच्या कडेला, आपल्या दारातल्या दगडावर केवळाबाई माळाकडे तोंड करून बसली होती. कपाळावर हात आडवा धरून.

"ती काय करूलालीय?"

"बघूलालीय."

"दिवसभर?"

"दिवसभर."

नरसिंग उठला. मुखवटा परत न्यायला हवा होता, जिल्ह्याचा माल होता तो. बसम्मानं तो आधीच जीपमध्ये नेऊन ठेवला होता. उतरताना तो एकदा वळून म्हणाला, "ती घरवालीवाली ओळ तरी नीट म्हणून दाखव. त्येला जमत न्हाई. लोक हसत न्हाईत."

विरूपाक्ष उभा राहिला. घसा साफ केला. "आमची घरवाली लई हुशार," एवढं म्हणाला, आणि पुढचं त्याला आठवत असूनही येईना.

जीप धूळ उडवत नायगावच्या वाटेला लागली. ती वळणाआड जाईपर्यंत बघायचं त्याच्या मनात होतं. पण शेळी खाणीच्या अंगाला, सीताफळीच्या जाळीकडे निघाली होती, आणि खालून केवळाबाईचा आडवा हात हलला होता. तो काठी घेऊन शेळीमागं गेला.